कॅमेऱ्याच्या मागे

४ जानेवारी
आलो एकदाचे! अभयारण्याच्या फाटकाशीच ऑफिस, त्यामागे आमचं क्वार्टर. दोन खोल्या, लांब ओटा, नळाला चक्क पाणी. बाबा तर पेन्शनीत सरकारी जंगल मिळालं म्हणून हवेत आहेत. माझं काम सोपं. आत झाडांना बारा कॅमेरे बांधलेत. समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. वनरक्षक मावशी (सगळेच त्यांना मावशी म्हणतात) त्यांची मेमरी कार्डं बदलून आणतात. मी प्राणी मोजायचे आणि तक्ता मुख्यालयाला पाठवायचा.

६ जानेवारी
मावशींनी फोटोतली लंगडी रानडुकरीण लगेच ओळखली, जुनी मैत्रीण भेटावी तशी. बाराव्या कॅमेऱ्याचं मात्र काही कळेना. वीसेक हरणं ओळीने उभी, तोंडं कॅमेऱ्याकडे, नजर त्याच्या जरा वर, मागच्या कशावर तरी. भर दुपारचे तीन तास. एकाचाही कान हललेला नाही. मग फोटो निघाले कशाने? ऑफिसचे साहेब म्हणाले, ‘रिकामी चित्रे’ लिहून टाका.

८ जानेवारी
आता अकरावा आणि दहावा. हरणांना खेटून एक कोल्हाही उभा. साहेब उखडले, मुख्यालयाला आकडे लागतात, गोष्टी नाहीत म्हणाले. आधीचा सहायकही असंच डोकं चालवायचा म्हणे. त्याची बदली कुठे झाली विचारलं, तर फाईल शोधायला लागले.

१० जानेवारी
नवव्यापासून पाचव्यापर्यंत तेच. नकाशा काढून पाहिला. बारावा सगळ्यात आत, पहिला आमच्या कुंपणावर. मावशींना म्हटलं, आज जाऊ नका. त्या हसल्या. कॅमेऱ्यामागे नुसतं झाड असतं, मीच बांधलेत ना, म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

११ जानेवारी
मावशी परतल्या नाहीत. जीपच्या ड्रायव्हरला चौथ्या कॅमेऱ्यापाशी त्यांची पिशवी सापडली. त्यानेच कार्ड आणलं. हरणांच्या ओळीत मावशी. गणवेशात, हात सरळ, नजर वर. चाळीस फोटो.
साहेबांनी स्क्रीन बंद केली. “रजेवर दाखवा,” एवढंच म्हणाले.
मी नाही दाखवलं. सगळे फोटो मुख्यालयाला पाठवले.

१२ जानेवारी
उत्तर एका ओळीचं. रिकामी चित्रे पाठवू नयेत.
साहेब जीप घेऊन गेले. ड्रायव्हरही. फोन लागत नाही. उद्या दहाच्या बसने आम्ही निघणार. बाबा कुरकुरले, पण बॅग भरतायत.

१३ जानेवारी, सकाळ
कुंपणाशी हरणं. मावशीही. सगळी घराकडे तोंड करून —

बाबा अंगणात, ओट्याच्या पायरीशी उभे. हाका मारल्या, हलवलं. हात गरम आहे, श्वास चालू आहे. पापणी लवत नाही. माझ्या डोक्यावरून मागे बघतायत.

त्यांना सोडून जाणार नाही. पायरीवर बसलेय, एका हाताने त्यांचा हात धरून. मागे बघायचं नाही. लिहीत राहायचं. बस येईल —

बाबांची नजर हलली. मावशींचीही. हरणांचीही. सगळ्यांची एकाच वेळी, हळूहळू खाली येतेय —

ते वाकतंय. माझ्या —