मी मिस्त्रींची बाजू घेतली, त्याची हकीकत

तीर्थरूप मामा,

नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण आमच्या खोलीत पलंग टाकल्यावर तेवढी लांबी उरलेली नाही.) हे पत्र लिहायला चार महिने लागले. पहिला महिना पेन नव्हतं, दुसऱ्यात पेन मिळालं तर तुमचा राग आठवला, आणि पुढचे दोन कुठे गेले ते देवालाच ठाऊक. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? मी बरा आहे. नर्सही बरी आहे. (हो, आम्ही अजून लग्नाशिवायच एकत्र राहतो. इथे तुम्ही चष्मा काढून ठेवाल, पण कृपा करून पुन्हा लावा. पुढचं तुमच्याच जातकुळीच्या माणसाबद्दल आहे.)

सध्या मी पलंगांच्या कारखान्यात आहे. ही सातवी नोकरी. (सहावी बोटीवरची होती. मला बोट लागते हे बोट सुटल्यावर कळलं.) इथे आमचे म्होरके सुतार आहेत, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मला रंधा धरायला त्यांनीच शिकवलं. लग्नाबद्दल त्यांचं मत अगदी तुमचंच: लग्न करावं, एकदाच करावं, आणि त्याआधी एका छपराखाली राहू नये. रोज सकाळी मला विचारतात, "काय जावईबापू, सासरे सापडले का?"

गेल्या महिन्यात मॅनेजरबाईंनी बिल्ले आणले. त्यावर लिहिलेलं, ‘लग्न असो वा नसो, आम्हाला सगळे संसार सारखे.’ प्रत्येकाने छातीवर लावायचा. मी लगेच लावला. (पिन टोचली, ते असो.) मिस्त्रींनी तो नीट वाचला, बाहीने पुसला आणि बाईंच्या टेबलावर परत ठेवला. म्हणाले, "बाई, पलंग कुणाचाही असो, एक खिळा कमी मारणार नाही. पण हे वाक्य माझं नाही. ते माझ्या छातीवर कशाला?" बाई तशा वाईट नाहीत. त्यांनी मला समजूत घालायला पाठवलं. मी डोकं लढवून म्हटलं, मिस्त्री, शर्टाच्या आतून लावा, कोण बघतंय? तर म्हणाले, "मी बघतोय की, गाढवा."

मामा, मला त्यांचं मत पटत नाही. पण बाईंना जाऊन मी त्यांचं हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं, ‘गाढवा’सकट.

मग चौकशी बसली. तीन माणसं, एक टेबल. कारखान्यात लग्नाशिवाय राहणारा मी एकटाच, म्हणून पहिला मान मला. विचारलं, मिस्त्री तुमच्या राहणीवरून बोलतात का? मला सांगायचं होतं की बोलतात, आणि याच माणसाने माझा अंगठा कापला तेव्हा मला दवाखान्यात नेलं, आमचा पलंग सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन जोडला (उंबऱ्याच्या आत पाणीसुद्धा घेतलं नाही, पण सांधा असा बसवला की कुरकुर नाही). म्हणून मी जोरात सुरुवात केली, "रोज बोलतात!" आणि तिथेच मला बोटीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, आठवला, कारण तोही रोज बोलायचा, पण त्याचं बोलणं वेगळं, ते कसं हे समजावता समजावता जेवणाची सुट्टी झाली. अंगठा राहिला, पलंग राहिला. कागदावर उतरलं एवढंच, ‘रोज बोलतात.’ संध्याकाळी मिस्त्रींना घरी बसवलं. एकतीस वर्षांची नोकरी, मामा, आणि ती माझ्या जिभेने घालवली.

पुढच्या सोमवारी पुन्हा सुनावणी आहे. त्यात जर मी

आपला,
भाचा

ता. क. वरचं वाक्य अर्धं राहिलं, कारण दूध उतू गेलं. मुद्दा असा, की तुम्ही जन्मभर हेडक्लार्क होतात. मला चार ओळींचं निवेदन लिहून पाठवा, ज्यात बोट नसेल. मी फक्त वाचून दाखवीन.

ता. क. २. मिस्त्रींना त्यांचं मत ठेवायचा हक्क आहे म्हणतो, तेव्हा तुम्हालाही आहेच. आमचं राहणं तुम्हाला पटू नये, खुशाल. पण मिस्त्री निदान रोज बोलायचे हो. तुम्ही तर बोलणंच टाकलंत.

ता. क. ३. निवेदन लिहायची घाई करू नका. आत्ता दार वाजलं, उघडलं तर साक्षात मिस्त्री! पहिल्यांदाच आमच्या घरचं पाणी घेतलं आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "बाबा रे, माझं मी सांगेन. सोमवारी तू माझ्या बाजूने बोलू नकोस, एवढंच मागायला आलोय." नर्स म्हणाली, काळजी नको, मी याला आजारी असल्याचा कागद देते. मिस्त्री म्हणाले, "खोटं नको, बाई." मग जरा विचार करून म्हणाले, "याला खरंच आजारी पाडता आलं तर बघा." ती आतल्या औषधांच्या फळीवर काहीतरी शोधते आहे.