चकचकीत काच

२ तारीख
आणि दादा म्हणतो, मी नुसते आकडे फेकतो. घरी बसून बोलायला त्याचं काय जातं? आईची कवळी मीच करून देणार, बोललोय ना. वरची-खालची मिळून बारा हजार. पगार वाढू दे, एका फटक्यात पाठवतो. आई फोनवर मध्येच म्हणाली, "राहू दे रे, मला आता कुणाला चावायचंय?" जेवण भिजवून गिळते, तोंड मात्र आहे तसंच.

५ तारीख
मी काचा पुसतो त्या मत्स्यालयात नवीन टाकी आली. आत नखाएवढी जेलीफिश. तिची देखभाल करणाऱ्या मॅडम सांगत होत्या, म्हातारी झाली, दुखावली की ही आक्रसते, खाली बसते आणि पुन्हा पोर होते. बादली धरून ऐकलं. पटलं. सोमवारपासून मीपण. सिगारेट बंद, पाचला उठणं, इंग्रजीचा क्लास.

८, सोमवार
साडेनऊला उठलो. एकदम शरीराला धक्का देऊ नये. क्लासवाला फी आधी मागतो, म्हणजे फसवाच असणार. सिगारेट एकच, तीपण सुपरवायझरची. ती धरायची नाही.

११ तारीख
जेलीफिश गोळा होऊन पडलीय. मॅडम खूश. मला म्हणाल्या, या टाकीच्या काचेला हात लावू नकोस. माझे फुटलेले हात बघितले असतील. मायाळू आहेत.

१४ तारीख
सुपरवायझरकडे पगारवाढीचं काढलं. म्हणाला, आधी काम दिसू दे. दाखवतो.

१५, सुट्टी
अंग मोडून आलं होतं, तरी गेलो. नव्या टाकीत जेलीफिश नव्हतीच, मेली बिचारी. काचेवर बुरशीसारखे पांढरे केस. ब्लेडने खरवडले, स्पंज मारला, पाणी बदललं. काचेत माझंच तोंड दिसायला लागलं. तिथूनच दादाला फोन: पगार वाढला, बारा हजार येतायत, दातांचं माप देऊन टाका.

१६ तारीख
मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. टाकीसमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते केस नव्हते रे. तीच होती, लहान झालेली." सुपरवायझर म्हणाला, पगारातून कापणार. मरत नाही असं सांगितलं होतं, ब्लेडचं कुणी बोललं नव्हतं.

१ तारीख
पगार झाला. कापून. आईचा फोन. माप देताना जबडा दुखला म्हणे, पण शेजारणीला सांगून झालंय. या वेळी 'राहू दे' म्हणाली नाही. मी म्हणालो, आवाज येत नाहीये.
सोमवारपासून परत पहिल्यापासून. दादाला कळवायचं, आधी समोरचे दोनच बसवा, हसायला तेवढे पुरतात. पाठवतोय नऊशे.