साबणाची पातेली मशीनमध्ये घातल्याबद्दल

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधी करतो, कारण मागच्या पत्रात ती शेवटी केली म्हणून तू सगळं उत्तर गुडघ्यांवरच लिहिलंस. भावजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही बरे आहोत. (बरे म्हणजे धडधाकट आणि स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ, त्याबद्दलच लिहितोय.) फोन केला असता, पण मी फोनवर बोलायला लागलो की घरातल्या दोघी शेजारी येऊन उभ्या राहतात आणि माझी वाक्यं दुरुस्त करतात.

सूनबाई साबण करते हे तुला ठाऊक आहेच. चिरंजीव नोकरीसाठी परगावी असतो, शनिवार-रविवार येतो, आणि बाकीचे दिवस आमच्या स्वयंपाकघरात साबण असतो. तेलं वितळवायची, कॉस्टिक सोडा पाण्यात कालवायचा (डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरात कोणाचं तरी ऑपरेशन आहे), मग दोन्ही एकत्र घोटून साच्यात ओतायचं. साबण उत्तम होतात. भांडण साबणावरून नव्हतंच, भांड्यांवरून होतं. तुझ्या भावजयीचा दंडक असा की खरकटं भांडं ओट्यावर राहता कामा नये. सूनबाईचं म्हणणं असं की साबणाचं भांडं लगेच घासायचंच नसतं. आतला लगदा कच्चा असतो, तेलकट असतो, हाताला चरचरतो. तो कागदाने निपटून घ्यायचा आणि भांडं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवायचं, म्हणजे उरलेल्याचा साबण होतो आणि गरम पाण्यात सगळं आपसूक निघतं. आता यात दोघींचंही बरोबर आहे, आणि घर बिघडायला एवढं पुरतं.

त्यात एके सकाळी हिला चहाला साबणाचा वास आला. साबणाची पातेली वेगळी आहेत, त्यांना लाल खूण केलेली आहे, असं सूनबाईने सांगितलं. हिने चहा मोरीत ओतला. तेव्हापासून दोघी माझ्यामार्फत बोलू लागल्या. मी मधल्या खुर्चीत. "त्यांना सांगा, ओटा रिकामा झालाय." "तिला म्हणावं, दिसतंय मला." दोघी माझ्यापासून हातभर अंतरावर, दोघींचे कान शाबूत, तरी मी प्रत्येक निरोप इमानाने पोचवायचो. (एकदा उलटा पोचवला. कोणाच्या लक्षात आलं नाही.) मग एका रविवारी चिरंजीव जेवताना म्हणाला की आम्ही वेगळी जागा बघतोय. हिने "बरं" म्हटलं आणि उठून कपाट आवरायला घेतलं. हिला वाईट वाटलं की ही कपाट आवरते. त्या आठवड्यात आमच्या घरात आवरायला एकही कपाट उरलं नाही.

तेव्हा काहीतरी करणं मला भाग होतं. डिशवॉशर हे या घरातलं माझं एकमेव खातं. जन्मभर नकाशे काढल्यामुळे बारीक कामाची सवय आहे. तळाची गाळणी मी धुतो, पाणी उडवणाऱ्या पात्यांची भोकं टाचणीने मोकळी करतो, दाराचं रबर पुसतो, पाणी मऊ करायचं मशीनचं मीठ भरतो. एका दुपारी ही दाताच्या डॉक्टरकडे गेली होती आणि सूनबाई साबण पोचवायला. ओट्यावर लगद्याने भरलेली पातेली, घोटायचा ब्लेंडर, साचे, सगळं तसंच. मी विचार केला, यंत्राने धुतलं तर हात चरचरणार नाहीत आणि ओटाही रिकामा होईल, म्हणजे दोघींचंही राहील. (ब्लेंडर वगळला. एवढी अक्कल मला आहे.) काहीही न पुसता सगळं आत लावलं, वर पावडर घातली, सर्वांत गरम पाण्याचा नंबर फिरवला आणि पेपर वाचायला बसलो.

फेस आधी दाराखालून हळूच आला, पाहुण्यासारखा. मी फडकं लावलं. मग तो बाजूंनी आला. तेव्हा मी मशीन बंद न करता दार उघडून आत बघितलं, आणि इथे माझं चुकलं असं दोघींचं एकमत आहे. फेस पायांवरून स्वयंपाकघरभर झाला आणि बैठकीकडे निघाला. दार परत लावून मी त्याला पाठ टेकून खाली बसलो. तेवढ्यात या दोघी आल्या. जिन्यात गाठ पडलेली, एक शब्द न बोलता एकत्र चढलेल्या. सूनबाईने आधी मला उठवलं, नळाखाली माझे हात धरले आणि विचारलं, "बाबा, चरचरतंय का कुठे?" हिने मशीनचं बटण बंद केलं, पदर खोचला आणि थेट सुनेला विचारलं, "हा फेस हाताला लागला तर चालेल का गं?"

"मोजे घाला, आई. तिथे दोन जोड आहेत."

अक्का, कित्येक आठवड्यांनी मला वगळून माझ्या डोक्यावरून गेलेली ही पहिली दोन वाक्यं. मला गॅलरीत बसवून दार लोटून घेण्यात आलं. आतून पाण्याचा आवाज येत होता, मग बोलण्याचा, आणि मग दोघी एवढ्या हसल्या की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला लागली. कशावर हसल्या ते मला अजून सांगितलेलं नाही.

मेकॅनिक आला, वाकून बघितलं, नवीन मशीन घ्या म्हणाला आणि गेला. तेव्हा दोघींनीच ते खोललं. गाळणीत बसलेला पांढरा गोळा गरम पाण्याने सोडवला, पाती काढून धुतली, मशीन रिकामंच व्हिनेगर घालून फिरवलं. आता ते माझ्या काळात चालायचं त्यापेक्षा बरं चालतं. शनिवारी चिरंजीव जागा दाखवायला न्यायला आला, तर सूनबाई म्हणाली, "आज नाही जमणार, मी आणि आई साचे धुतोय." पुढच्या शनिवारीही जमलं नाही. मग त्याने विचारणं सोडलं. एकूण सगळं सुरळीत आहे. माझं खातं मात्र गेलं.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघे जप.

तुझा,
धाकटा

ता. क. साबण वापरण्याआधी काही आठवडे वाळवावे लागतात. सध्या ते माझ्या पलंगाखाली, माझ्या टेबलावर आणि माझ्या कपड्यांच्या खणात वाळतायत. तुझी मागची खोली हवेशीर आहे. तिथे ठेवता येतील का? ते अधूनमधून उलटावे लागतात, त्यासाठी मी सोबत येऊन राहीन. तुला त्रास नको.

ता. क. चा ता. क. वरचं दोघींना वाचून दाखवलं. साबण इथेच राहतील म्हणाल्या. माझी बॅग मात्र भरून ठेवली आहे.