अदलाबदलीत गेलेला स्वेटर

मेहरूण, जळगाव
२६ नोव्हेंबर २०२४

ती. झुंबर अक्का यांस,
द्रौपदाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पावलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, तेव्हा कागदच बरा. आमच्या गल्लीतली अंगणवाडीताई प्रज्ञा मला हसते. म्हणते, मावशी, तुम्ही नणंद-भावजयीच आता पोस्टमनची नोकरी टिकवून आहात.

माझी तब्येत बरी आहे. थकवा मात्र अंगातून जात नाही. त्यात या प्रज्ञानं एक काम मागे लावलं आहे. पंधरा डिसेंबरला, रविवारी, विहाराच्या सभागृहात कपड्यांची अदलाबदल ठेवली आहे. लेकरं वाढतात, धडधाकट कपडे तोकडे होतात, ते घरात पडून राहतात. ढीगभर कपडे भांडेवालीला देऊन एक स्टीलचा डबा घ्यायचा, त्यापेक्षा एकमेकांच्या लेकरांना होतील. प्रत्येक घरानं धुतलेले, धड कपडे आणायचे आणि जेवढे आणले तेवढे दुसऱ्यांचे निवडून न्यायचे. कपडा कोणाचा होता ते कोणी सांगायचं नाही, म्हणजे शाळेत कोणी कोणाच्या लेकराला चिडवणार नाही. आणि एकदा गेलेला कपडा परत मागायचा नाही. हा शेवटचा नियम माझा. नाहीतर आठवडाभर भांडणंच मिटवत बसावं लागलं असतं.

पिशव्या आतापासून माझ्याकडे यायला लागल्या आहेत. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कसर लागू नये म्हणून सगळ्यांना सांगितलं, कडुनिंबाचा पाला घालून पिशवीचं तोंड बांधून आणा. तुटलेली बटणं मी लावते, उसवलेलं मशीनवर शिवते. ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक तसंच पडलं आहे. दोन पानं झाली की डोळे मिटतात.

समोरचे हिलाल आबा मात्र विरोधात आहेत. विहारात सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, माले कोनं उतारेल नको. त्यांच्या आईला गावात मयताच्या अंगावरून उतरवलेलं लुगडं मिळायचं, मान खाली घालून घ्यावं लागायचं. तिला ते नेसलेली पाहत ते मोठे झाले. मी म्हणाले, आबा, हे घेणं नाही, अदलाबदल आहे. ते म्हणाले, द्रौपदा, नाव बदलं म्हंजे कपडं बदलत नही. मी घरी येऊन पुन्हा मशीनवर बसले.

तुम्ही मागितलेला ह्यांचा स्वेटर मी काढून धुतला आहे. शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच खुंटीला अडकवला होता. तेव्हापासून मी हात लावला नव्हता. आता खुंटी उघडी दिसते. धुळ्याला येणारं खात्रीचं कोणी भेटलं की पाठवते.

नूतनला जपा. तिला मामीची आठवण सांगा.

माया आहे ती राहू द्यावी,
तुमची द्रौपदा


देवपूर, धुळे
२ डिसेंबर २०२४

चि. द्रौपदा हिस,
झुंबरचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

बठ्ठा मेहरूणना कपडा तूच शिवाले बसनी का? युवराज असता तर त्यानं तुला मशीनवरून हाताला धरून उठवलं असतं. आता ते काम मला पत्रातून करावं लागतं. उठ आणि वेळेवर जेव.

तुमचे हिलाल आबा खरं बोलले. मीही दुसऱ्याचं अंगावर घातलं नसतं. तुझा हेतू चांगला आहे, पण म्हाताऱ्या माणसाच्या पोटात काय काय असतं ते एका रविवारी निघत नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस.

नूतनचे दिवस भरत आले. जानेवारीचा दुसरा आठवडा सांगितला आहे. पाय सुजतात, रात्री झोप नाही, आणि जावईबापू फोनवर नूतनमार्फत मलाच विचारतात की काय करू. मी त्यांना सांगितलं, तुम्ही काही करू नका, तेवढंच पुष्कळ होईल.

स्वेटरची मी वाट पाहते. युवराजला डेपोत नोकरी लागली त्या थंडीत मी तो विणला होता. राखाडी, आणि गळ्याशी विटकरी पट्टी. तेव्हा लोकर टोचते म्हणून कुरकुरला होता. इतक्या वर्षांत मऊ झाली असेल. बाळाला पहिलं कापड मामाच्या घरचं लागावं, ही आपल्याकडची रीत. नूतनला भाऊ नाही, तेव्हा तिचा मामा तोच बाळाचा मामा. तो स्वेटर उसवून मी अंगडं आणि टोपडं विणणार आहे. बोटं दुखतात, पण लोकर हातात आली की चालतात. दहा तारखेच्या आत पाठव, म्हणजे विणायला सवड मिळेल.

बाकी क्षेम. स्वतःला जप, मला काळजी लावू नकोस,
झुंबर


मेहरूण, जळगाव
१८ डिसेंबर २०२४

ती. अक्का यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र लिहायला दोन दिवस बसले आणि दोन्ही दिवस उठले.

अदलाबदल झाली. गर्दी बरी होती. टेबलं लावली होती, लेकरांचं एक, शाळेच्या गणवेशाचं एक, बायांचं, माणसांचं. सुरुवातीला सगळ्या भिंतीला पाठ लावून उभ्या. पहिला हात कोणी घालायचा हाच प्रश्न. मग एकीच्या पोरानं क्रिकेटची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि काढेना. त्याची आई लाजली, बाकीच्या हसल्या आणि टेबलं मोकळी व्हायला लागली. एका बाईनं स्वतःचीच साडी पुन्हा निवडून घरी नेली. म्हणाली, तिथं मांडलेली पाहिली तेव्हा किती चांगली आहे ते कळलं.

आता जे सांगायचं ते सांगते. स्वेटर गेला.

मी सकाळीच विहारात टेबलं लावायला गेले होते. मागून प्रज्ञा आणि चार बायांनी माझ्या पुढच्या खोलीतल्या पिशव्या उचलून आणल्या. धुळ्याला येणारं कोणी भेटलं नाही, म्हणून तुमच्यासाठी बांधलेली पिशवीही तिथेच पडून होती. धुतलेला स्वेटर, त्यात कडुनिंबाचा पाला, वर गाठ. साऱ्या गल्लीला जसं बांधायला सांगितलं, माझाही हात तसाच बांधून गेला. त्यांना वेगळी दिसावी कशी? माणसांच्या टेबलाकडे मी दिवसभर गेलेच नाही. लेकरांच्या टेबलाशी मापं दाखवत होते.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर समोरच्या ओट्यावर उन्हात हिलाल आबा बसलेले. अंगात राखाडी स्वेटर, गळ्याशी विटकरी पट्टी.

आबा रविवारी फिरकलेही नव्हते. त्यांच्या सुनेनं, भूमिकानं, पोरांचे गणवेश देऊन त्या बदल्यात तो घेतला. आबांना सांगितलं, स्टँडजवळच्या स्वेटरवाल्यांकडून नवा आणला. दुपारी तीच माझ्याकडे आली. स्वेटर कोणाचा ते तिला ठाऊक नाही. पण म्हणाली, काकू, त्यांना कळू देऊ नका, खोकून खोकून रात्र काढतात, नवा घ्यायची या महिन्यात सोय नव्हती. मी तिला पाणी दिलं.

आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला बाही दाखवतात. सूनबाईनं नवं आणलं म्हणतात. काल मलाही थांबवलं. हात लावून पाहा म्हणाले, कशी लोकर आहे. मी हात लावला. चांगली आहे म्हणाले. अक्का, ते समोरून आले तर मला आबा दिसतात. पाठमोरे असले की मी घरात जाते.

परत मागायचं नाही हा नियम मीच केला. मागितला तर भूमिका उघडी पडते, आणि आबांना कळतं की ज्याला नको म्हणाले तेच आपण अंगात घातलं, तेही गेलेल्या माणसाचं. नाही मागितला तर तुम्हाला दिलेला शब्द मोडतो, आणि बाळाला मामाचं काही राहत नाही. तुम्ही मोठ्या आहात. सांगाल तसं करीन.

रागावलात तरी आपलं मानावं,
द्रौपदा


देवपूर, धुळे
२३ डिसेंबर २०२४

द्रौपदा हिस,
जयभीम.

विचारलंस म्हणून लिहिते. मागून आण.

तू तो अदलाबदलीला दिलाच नव्हतास. चुकून गेलेल्याला कसला नियम? तुझ्या घरातून तो चालत गेला असता तर शोधायला गेली असतीस ना?

आणि माझं सोड. त्या म्हाताऱ्याचं बघ. चारचौघांत उभं राहून त्यानं सांगितलं, मला कोणाचं नको. त्याच्या आईचं सांगितलं. तरी तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या अंगात घातलं आणि वर कौतुक ऐकता. सुनेनं केलं ते गरजेपायी. तू हात लावून चांगली आहे म्हणालीस, ते कशापायी? त्याला न सांगणं ही दया नव्हे. लहान पोराला फसवून औषध पाजतात तसं म्हाताऱ्याला करू नये.

मला फार लागलं आहे. माझ्या हातचं युवराजकडे तेवढंच उरलं होतं. जास्त लिहीत नाही.

झुंबर


मेहरूण, जळगाव
५ जानेवारी २०२५

ती. अक्का यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस नुसतीच वावरले. मग आधी भूमिकाकडे गेले आणि मी सांगणार आहे ते सांगितलं. ती रडली नाही. पीठ मळत होती, मळतच राहिली. म्हणाली, तुमच्याकडे सांगायला तोंड आहे काकू, मला त्यांच्याच घरात राहायचं आहे.

आबा ओट्यावर होते. मी खाली पायरीवर बसले आणि सांगितलं. त्यांनी बाहीकडे पाहिलं आणि विचारलं, हाऊ कोना शे? मी ह्यांचं नाव घेतलं. तुम्ही विणला हेही सांगितलं, नूतनच्या बाळासाठी बांधून ठेवला होता तेही. भूमिकाला नवा आणायचा होता, जमलं नाही, एवढंच तिच्याबद्दल बोलले.

मग त्यांनी एकच विचारलं. मयताच्या वेळी हा अंगावर होता का? मी म्हणाले, नाही आबा. थंडी सरली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं काढून खुंटीला लावला होता. गेले ते एप्रिलच्या उन्हात, डेपोतून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. अंगात डेपोचा सदरा होता. हे सगळं मी तीन वर्षांत कोणाला असं ओळीनं सांगितलं नव्हतं.

आबांनी स्वेटर काढला, घडी घातली आणि आत गेले. मला दिला नाही. मीही मागितला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. आबा सदऱ्यावर टॉवेल घेऊन बसत आणि खोकत. भूमिका मला पाहून दार लोटून घेई. प्रज्ञा म्हणाली, मावशी, आता पुढची अदलाबदल विसरा. मी म्हणाले, बरं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

काल संध्याकाळी आबा माझ्या दारात आले. अंगात स्वेटर होता. हातात पंच्यात बांधलेलं एक लुगडं. त्यांच्या मंडळींचं, द्वारकाबाईंचं, सुती, धुऊन धुऊन पाण्यासारखं झालेलं. त्या जाऊन पाच वर्षं झाली. ते कोणाला दिलं नव्हतं, पेटीत होतं. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. म्हणाले, माझ्या मायनं नुसतं घेतलं, बदल्यात काही द्यायला तिच्याकडे नव्हतं, म्हणून तिची मान खाली. मी नुसतं घेणार नाही. लेनं शे तं देनं बी शे. हे धुळ्याच्या बाईकडे पाठव. बाळाच्या अंगाखाली होईल. तिला पटलं नाही तर तिनं ठेवून द्यावं, माझ्याकडे परत आणू नको.

आणि जाताना म्हणाले, सूनबाईशी मी बोललो आहे, तू तिच्याशी बोल.

अक्का, मी स्वेटर आणायला गेले आणि लुगडं घेऊन बसले आहे. मला ते नाकारता आलं नाही. तुमच्या वतीनं घेण्याचा मला हक्क होता की नाही, कळत नाही. परवा प्रज्ञाचा भाऊ धुळ्याला येतो आहे, त्याच्या हाती पाठवते. बाळासाठी परक्या घरचं कापड, तेही गेलेल्या बाईचं. तुम्हाला नको असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी वाईट वाटून घेणार नाही. वाईट वाटायचं ते वाटून झालं आहे.

नूतनला धीर द्या. माझ्यावरची माया आटली असेल तर थोडी उसनी ठेवा,
द्रौपदा


देवपूर, धुळे
१९ जानेवारी २०२५

चि. द्रौपदा हिस,
झुंबरचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

बुधवारी पहाटे नूतनला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. रंग नूतनचा, आवाज माझ्या सासूचा. दवाखान्यातल्या बाया म्हणाल्या, हिचं रडणं ऐकायला आजीचे कानही पुरतील.

तुझी पिशवी आली तेव्हा मी ती तशीच कोनाड्यात टाकली होती. दोन दिवस उघडली नाही. रागातच होते. मग म्हटलं, पाहायला काय जातं. लुगडं हातात घेतलं, तर इतकं मऊ कापड आता आपल्या घरातही कोणाकडे निघणार नाही. नूतनच्या सासूला मी सगळं सांगितलं, लपवलं नाही. तिनं पहिलं विचारलं, ती बाई किती जगली? मग मी नूतनकडून प्रज्ञाच्या भावाला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, द्वारकाबाई ऐंशीच्या पुढे गेल्या, सगळी लेकरं जगली, नातवंडांची लग्नं पाहिली.

तेव्हा नूतनची सासू म्हणाली, मग याहून चांगलं कोणतं कापड हवं. जुन्या बाया बाळासाठी असंच कापड मागून आणायच्या, भरपूर जगलेल्याचं.

द्रौपदा, माझा भाऊ बावन्नाव्या वर्षी गेला. त्याचं बाळाच्या अंगाला लागावं असा हट्ट मी धरून बसले होते. बाळाला ते हवं होतं की मला, हे आता कळतं. मला तो स्वेटर उसवताही आला नसता. मांडीवर घेऊन बसले असते, बस.

लुगड्याची दोन दुपटी केली. उरलेलं लांब कापड नूतननं पोटाला बांधायला घेतलं. पोरगी त्यात गुंडाळली की गप्प होते. आबांना हे सांग. त्यांच्या मंडळींचं नाव आम्हाला माहीत आहे, हेही सांग. तुमच्या अदलाबदलीत कोणाचं ते सांगायचं नसतं, पण माझ्याकडे तो नियम नाही. पुढची अदलाबदल ठेवायची की नाही ते तू ठरव, पण यावेळी टेबलं प्रज्ञाला लावू दे.

आणि भूमिकाला माझा निरोप दे. ती लोकर गरम पाण्यात घालू नकोस म्हणावं. पिळायचं नाही. दोरीवर टाकलं तर बाह्या लांबतात, चटईवर पसरून सावलीत वाळवायचं. नीट वापरला तर आबांना अजून कितीतरी हिवाळे पुरेल.

तुझ्यावर माया आहे, होती तेवढीच. एकदा येऊन नात बघून जा,
झुंबर