मागून आणलेला चाफा

३ फेब्रुवारी

वही, माफ कर. गेल्या उन्हाळ्यापासून तुझ्याकडे फिरकलो नाही. कारण शोधत बसलो तर लिहिणं पुन्हा राहील, म्हणून कारण देत नाही. (आळस. दिलंच शेवटी.)

लेकीला नोकरी लागली — परगावी! महिनाअखेरीस निघायचंय. भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्यात, वर छोटी गच्ची. गच्ची म्हटल्याबरोबर आई म्हणाली, "मग फांदीचं काय?"

आमच्या घराण्यात दागिने नाहीत, जमीनजुमला नाही. चाफा आहे. आजोबांनी लावलेला, पांढऱ्या पाकळ्या, पोटात पिवळा. घर सोडून जो निघतो तो त्याची फांदी घेऊन निघतो. काकांकडे तोच, आतेभावाकडे तोच. आमच्याकडे मात्र नाही. फ्लॅट घेतला तेव्हा गडबड होती, मग राहिलंच. शिवाय ताईचं घर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणजे झाड आपलंच की!

फांदी कुणी आपणहून देत नाही. मागावी लागते. "आजोबांनी साहेबांच्या बंगल्यातून मागून आणला" — हे वाक्य आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. सगळं वळण त्यावरून. न विचारता कशाला हात लावायचा नाही. मी अजून छापखान्यात शेजाऱ्याचं पेन घेताना दोनदा विचारतो. तो वैतागतो.

मूळ झाड ताईच्या अंगणात. जुन्या घरात आता ती आणि भावोजी राहतात. म्हणजे लेकीने आत्याकडे मागायचं. आणि इथंच घोडं पेंड खातंय.

४ फेब्रुवारी

भांडण कसं झालं ते नीट लिहून ठेवतो, दोघींवर अन्याय नको.

गेल्या आठवड्यातला आईचा वाढदिवस. लेक वनस्पतिशास्त्र शिकलेली. केक कापून होतो न होतो तोच ती म्हणाली, हा चाफा मुळात आपल्याकडचा नाहीच. दूरच्या खंडातून जहाजाने आला. सोनचाफ्याशी त्याचं नातं नाही, नावही उसनं.

"आमचा चाफा परका?" — ताई.

"परका नाही गं आत्या, पाहुणा. आला आणि राहिला."

इथवर ठीक होतं. मग लेक म्हणाली, फांदीपासून वाढलेलं झाड म्हणजे तेच झाड. काकांकडचं काय, तुझ्याकडचं काय, सगळी सारखीच. मूळ-बिळ काही नसतं.

ताईने केकची बशी खाली ठेवली. तिच्या आयुष्यातलं मोठं पद एका घासात गेलं. तेव्हापासून दोघींचा अबोला.

७ फेब्रुवारी

मध्यस्थी केली. करायला नको होती.

ताई — "तिला तोंड आहे ना? केवढं चालतं! मग मागू दे तोंडाने."

लेक — "बाबा, मी खरं तेच बोलले. खऱ्याची माफी मागू?"

"माफी नको गं, फांदी माग."

"तेच ते!"

परत ताईकडे. ती म्हणाली, "मागण्यात कमीपणा वाटतो तुम्हा लोकांना." तुम्हा लोकांना? भांडण एकीशी आणि अनेकवचन का? मुद्रितशोधकाला असलं खटकतं. रागात व्याकरण सुटत असावं.

९ फेब्रुवारी

फांदी कापली की चीक आटेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत वाळवायची, नाहीतर कुजते. दिवस चाललेत. दोघी ढिम्म.

११ फेब्रुवारी

आज जमीन हादरली.

ठरवलं होतं, फांदीबरोबर लेकीला झाडाचा इतिहास एका पानावर लिहून द्यायचा. आईला विचारायला बसलो. साहेबांनी आजोबांना फांदी आनंदाने दिली, की आढेवेढे घेतले?

"साहेबांनी?" आई म्हणाली. "साहेबांना कुठं माहीत होतं?"

"अगं, मागून आणला ना?"

"मागूनच! पुढून कसा आणणार? पुढं पहारेकरी होता."

ती रंगात आली. "मागच्या भिंतीवरून चढले मामंजी. मला खाली उभं केलं. मी नवी नवरी! कुणी आलं तर खोकायचं ठरलं होतं. मला हसू आवरेना, ते दाबता दाबता खराच ठसका लागला. मामंजींनी घाबरून फांदीसकट उडी टाकली. धोतर भिंतीवरच राहिलं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शहाण्यासारखे वागत होतात. कशाला मोडता घाला?"

बंगल्यातून, मागून आणला. एक स्वल्पविराम! दुसऱ्यांचे स्वल्पविराम सुधारण्यात हयात गेली माझी, आणि घरातला निसटला.

१२ फेब्रुवारी

दिवसभर विचार. मागणं हा आमचा संस्कार नव्हताच. मग परंपरा पाळायची म्हणजे नेमकं काय करायचं?

नको तो विचार आला. खोडला. परत आला.

हिला सांगितला. ती म्हणाली, "तुम्ही? चढणार?" आणि एवढी हसली की ठरलंच.

१३ फेब्रुवारी

केलं.

भर दुपारी गेलो, ताई या वेळी झोपते. मागची भिंत छातीएवढी, तरी चढताना पोटाने साथ सोडली. झाड निष्पर्ण, नुसती बोटं वर केलेली. तिरका काप घेतला. भळाभळा चीक आला, तेव्हा नाही म्हटलं तरी अपराध्यासारखं वाटलं. झाडाच्या जखमेवर माती लावली, हात रुमालाला पुसले. वळलो, तर मागच्या ओसरीवर भावोजी! वर्तमानपत्र वाचत!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं.

"ऊन फार आहे," म्हणाले आणि पान उलटलं.

१४ फेब्रुवारी

फांदी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत. पँटवरचे चिकाचे डाग जात नाहीत. रुमाल सापडत नाही. आई मला बघून उगाच खोकते.

१६ फेब्रुवारी

संध्याकाळी लेक हातभर फांदी घेऊन घरात शिरली. ओली, चीक टपकणारी! एकटी गेली होती आत्याकडे. मागितली, मिळाली. दोघी रडल्या म्हणे.

"आणि हे तुमचं," म्हणत तिने माझा रुमाल पुढे केला. धुतलेला, इस्त्री केलेला. आत्याने तिला मागे नेऊन काप दाखवला होता. म्हणाली, "तिरका काप, वर मातीचा लेप. एवढा नीटनेटका चोर आमच्याच घरात निघायचा."

"चिडली होती?"

"नाही बाबा. म्हणाली, लेकीसाठी भिंत चढला. स्वतःच्या घरासाठी एकदा दारात येऊन मागितली असती तर? फ्लॅट घेतल्यापासून वाट बघतेय मी."

तुम्हा लोकांना. व्याकरण बरोबर होतं.

उद्या: ताईकडे जाणे, पुढच्या दाराने. फांदी मागणे.