यंदाची वांगी तू भाज

ललित,

सहाच्या एसटीने मी आणि अक्का पाटणादेवीला पुढे जातोय. तुझी आई घरात दिसत नाही म्हणून फोनाफोनी करू नकोस.

बाल्कनीत आठ किलो भरताची वांगी आहेत. ती गच्चीवरच भाजून आण. अभयारण्यात चूल पेटवायची नाही, हे वनरक्षकाने मागच्या खेपेला तुलाच सांगितलं होतं. आधी टोचून तेल लाव, नाहीतर फुटतात. मिरच्या कोण कुटणार ते पंधरा पाहुण्यांत ठरव, बोलावलंस तू.

पाच वर्षांत आपण तिथे नऊदा गेलो, भर उन्हाळ्यातसुद्धा. नऊही वेळा गाड्या लावतात तिथेच अक्का चुलीपुढे बसल्या, आणि केदारकुंडाचा धबधबा त्यांनी तुझ्या मोबाइलवर पाहिला. संक्रांतीनंतर त्या प्रेमराजभाऊजींकडे पुण्याला राहायला जाणार. "पुढच्या वेळी नक्की" हे तू त्यांना काल पुन्हा म्हणालास. पुढची वेळ कुठली, ते मला समजलं नाही.

एक वाजता देवळापाशी भेटू. आम्हाला उशीर झाला तर थांबू नका, आम्ही डबा घेतलाय. अक्कांच्या चालीने चालणार आहोत.

तुझे बूट शोधू नकोस. अक्कांनी दोन-दोन मोजे चढवून घातलेत.

दिपमाला