गिअरचं तेल बदललं, थरथर तशीच

शनिवार, संध्याकाळ

पिकअपचं इंजिन आजही थरथरत होतं, काळा धूर सोडत होतं. वांगी तोडून ठेवलीत. पहाटे उटनूरच्या बाजारात पोचली नाहीत तर वाया जातील. शेजारचे रामराव म्हणाले, म्हणून दुपारभर गाडीखाली पडून गिअरबॉक्सचं तेल बदललं. थरथर तशीच. इंजिनाचं दुखणं गिअरबॉक्समध्ये कशाला शोधलं मी?

शेवटी एअर फिल्टर उघडला. आत झेंडूच्या सुक्या पाकळ्या दाटून बसलेल्या. दर शनिवारी मारुतीचं नाव घेऊन पुढच्या जाळीला हार मीच बांधतो.

बायको म्हणाली, "काऊन जी, गाडीचं नाकच बुजवलं ना तुमी!"

पाकळ्या काढल्या, गाडी शांत झाली. मी नाही. मारुतीराया, तू तरी सांगायचंस! आजचा हार अजून हातातच आहे. कुठे बांधू?